पायाखालचे तेल आणि पंपावरची रांग

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी तंत्रज्ञ नाही आणि अर्थशास्त्राची पदवीधरही नाही. इंग्रजी मजकुराचे मराठी करणे हे माझे नित्याचे काम. आजचा विषय त्या कामातूनच माझ्यापुढे आला. काही दिवसांपूर्वी अमेरिकेतील ऊर्जाप्रश्नावरील एका लेखाचे भाषांतर करीत असताना ‘मोटारीवर अवलंबून असलेल्या वस्त्या’ हा शब्दप्रयोग वारंवार येत होता. मी तो लिहीत गेले, परंतु प्रत्येक वेळी लेखणी अडखळत होती. अवलंबून असणे हा जणू त्या वस्त्यांचा जन्मजात स्वभावच आहे, असा भास त्या शब्दांतून होत होता. वस्तुतः कोणतीही वस्ती जन्मतः मोटारीवर अवलंबून नसते. तिला तसे करण्यात आलेले असते. तेव्हा या क्रियेचा कर्ता कोण, हा प्रश्न मला पडला आणि त्याच्या उत्तराचा शोध मी एका शहराच्या इतिहासात घेतला. ते शहर म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस.

हेच शहर का निवडले, हे आरंभी सांगितले पाहिजे. ‘आपल्या भूमीत तेल सापडले की आपण मुक्त झालो’ हा विचार जगभर ऐकू येतो. त्याच्या जोडीला दुसरा विचार येतो, तो असा की नागरिकांनी थोडी काटकसर केली तर ऊर्जेचा प्रश्न सुटेल. या दोन्ही विचारांची कसोटी लावावयाची तर लॉस एंजेलिससारखे दुसरे शहर मिळणे कठीण. त्याच्या पायाखाली तेल होते, हाताशी भांडवल होते आणि एके काळी विजेवर चालणाऱ्या लोहमार्गांचे विस्तीर्ण जाळेही होते. असे असूनही १९७९ साली त्याच शहराचे नागरिक पहाटेपासून पेट्रोल पंपासमोर रांग लावून उभे होते. हे कसे घडले?

तेलावर वसलेले शहर

१८९२ साली एडवर्ड डोहेनी नावाच्या, खाणींच्या शोधात फिरून कफल्लक झालेल्या एका गृहस्थाने चार्ल्स कॅनफील्ड या भागीदारासह लॉस एंजेलिस शहरातच एक खड्डा खणावयास घेतला. प्रथम कुदळ-फावडे आणि पुढे निलगिरीच्या खोडाला टोक काढून केलेले ओबडधोबड छिद्रण-यंत्र, एवढीच त्यांची सामग्री होती. तेल लागले, आणि काही वर्षांतच घरांच्या परसात, भाजीच्या वाफ्यांत, शेजाऱ्याच्या भिंतीला खेटून शेकडो तेलविहिरी उभ्या राहिल्या. जमिनीखालचे तेल सरहद्द जाणत नाही. शेजाऱ्याने आधी उपसले तर आपला वाटा गेला, या भयाने प्रत्येकजण घाईघाईने उपसू लागला. त्यात योजना नव्हती आणि उद्याचा विचारही नव्हता.

१९२१ साली सिग्नल हिल येथे मोठा साठा सापडला. हंटिंग्टन बीच आणि सांता फे स्प्रिंग्ज ही क्षेत्रेही त्याच सुमारास गाजू लागली. १९२३ साली जगातील एकूण तेल-उत्पादनापैकी सुमारे पाव हिस्सा एकट्या कॅलिफोर्निया राज्यातून निघत होता, आणि त्याचा मोठा भाग लॉस एंजेलिसच्या खोऱ्यातला होता. १९३२ साली विल्मिंग्टन क्षेत्राचा शोध लागला. तेथे उपसा इतका झाला की लाँग बीच बंदराच्या परिसरातील जमीन खचू लागली. सर्वांत खोल ठिकाणी ती सुमारे २९ फूट खाली गेली. अखेर १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोठ्या प्रमाणावर भूगर्भात पाणी सोडून ते खचणे थोपवावे लागले. नफा कंपन्यांनी घेतला. धक्के, भिंती आणि रस्ते पुन्हा उभारण्याचा भार मात्र बंदरावर आणि नगरावर पडला.

आता या मुबलकतेचा परिणाम काय झाला, ते पाहा. तेल दाराशी निघत होते म्हणून पेट्रोल स्वस्त होते, आणि पेट्रोल स्वस्त होते म्हणून मोटार परवडत होती. १९२० च्या दशकाच्या मध्यास लॉस एंजेलिसमध्ये दर तीन रहिवाशांमागे सुमारे एक मोटार होती. त्या काळात जगातील कोणत्याही मोठ्या शहरात असे प्रमाण नव्हते. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. स्थानिक तेलाने शहराची पूर्वीपासूनची गरज भागविली असे घडले नाही. त्याने एक नवी गरज निर्माण केली, आणि तेल ओसरल्यावरही ती गरज मागे राहिली.

ट्राम कोणी उखडली?

त्या शहरात दुसरे साधन नव्हते असे नाही. हेन्री हंटिंग्टन या भांडवलदाराने १९०१ साली पॅसिफिक इलेक्ट्रिक ही कंपनी स्थापन केली. तिच्या तांबड्या गाड्या भरभराटीच्या काळात हजार मैलांहून अधिक लांबीच्या रुळांवरून धावत होत्या. शहराच्या अंतर्भागात पिवळ्या ट्रामगाड्यांचे निराळे जाळे होते. कामगार, गृहिणी, शाळकरी मुले सर्वजण या गाड्यांनी ये-जा करीत.

या गाड्या नाहीशा कशा झाल्या, याविषयी आपल्या मंडळींना एक हकीकत फार प्रिय आहे. नॅशनल सिटी लाइन्स नावाच्या कंपनीने अमेरिकेतील अनेक शहरांच्या वाहतूक कंपन्या विकत घेतल्या. लॉस एंजेलिसच्या पिवळ्या ट्रामगाड्याही १९४० च्या दशकात तिच्या गोटाकडे गेल्या. तिच्यामागे जनरल मोटर्स, फायरस्टोन, स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया, फिलिप्स पेट्रोलियम आणि मॅक या कंपन्यांचा पैसा होता. म्हणजे बस बनविणारे, टायर बनविणारे आणि तेल विकणारे सारे एकत्र आले होते. १९४९ साली शिकागोच्या न्यायालयात, या वाहतूक कंपन्यांना बसगाड्या व सामग्री विकण्याची मक्तेदारी प्रस्थापित करण्याचा कट केल्याबद्दल ते दोषी ठरले. शिक्षा काय झाली? प्रत्येक कंपनीला ५,००० डॉलर दंड, आणि जनरल मोटर्सच्या खजिनदाराला एक डॉलर!

ही हकीकत खरी आहे, परंतु ती पूर्ण नाही. पूर्ण नसलेले सत्य आपण व्यासपीठावरून सांगू नये, असे मला वाटते. शहरांची वाहतूकच ताब्यात घेऊन तिची मक्तेदारी करण्याचा जो आरोप होता, तो त्या खटल्यात टिकला नाही. तांबड्या गाड्यांची पॅसिफिक इलेक्ट्रिक तर नॅशनल सिटी लाइन्सकडे कधी नव्हतीच. ती सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीच्या मालकीची होती. शेवटची तांबडी गाडी १९६१ साली लाँग बीचच्या मार्गावर धावली आणि शेवटची पिवळी ट्राम १९६३ साली थांबली. या दोन्ही वेळी गाड्यांची मालकी १९५८ पासून एका सार्वजनिक प्राधिकरणाकडे होती!

मग मूळ दोष कोठे होता? हंटिंग्टनने रूळ टाकले ते प्रवाशांसाठी नव्हे. त्याला जमीन विकावयाची होती. रूळ गेले की माळरानाचे भूखंड होत आणि भूखंडांचे सोने होई. जमीन विकून झाल्यावर गाडी हा कंपनीच्या दृष्टीने केवळ तोट्याचा व्यवहार उरला. गाड्या जुन्या झाल्या. रस्त्यावर मोटारी वाढल्या तशा त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या प्रत्येक चौकात अडकू लागल्या. १९२५ साली भुयारी व उन्नत लोहमार्गांची एक व्यापक योजना तयार करण्यात आली, पण ती कागदावरच राहिली. लोक कंपनीच्या सेवेला विटले होते, आणि ज्याला शक्य होते त्याने मोटार घेतली. नफ्यासाठी जन्मलेली सेवा नफा आटताच मरावयास टाकली गेली. कट करणाऱ्यांनी त्या मरणाची घाई केली, इतकेच.

पुढचे काम शासनाने केले. १९५६ च्या संघराज्य महामार्ग कायद्याने ४१,००० मैलांचे महामार्ग बांधावयाचे ठरले. त्यांच्या खर्चापैकी ९० टक्के वाटा संघराज्य सरकारने उचलावयाचा होता. पेट्रोलवरील कर एका स्वतंत्र निधीत जाई आणि आरंभी तो निधी महामार्गांसाठीच राखून ठेवलेला होता. या व्यवस्थेचे तर्कशास्त्र पाहा. जितके पेट्रोल अधिक जळेल तितका निधी अधिक, जितका निधी अधिक तितके रस्ते अधिक, आणि जितके रस्ते अधिक तितके पेट्रोल अधिक. या चक्रात ट्रामला वा बसला जागा नव्हती. घर एका टोकाला, कारखाना दुसऱ्या टोकाला आणि बाजार तिसऱ्या टोकाला, अशी वस्ती त्या रस्त्यांच्या कडेने पसरत गेली. माझ्या वाक्याला आता कर्ता मिळाला. जमिनीचा व्यापार, तेल आणि मोटारीची मक्तेदार भांडवलशाही आणि तिच्या गरजेनुसार कायदे करणारे शासन या तिघांनी मिळून ती वस्ती मोटारीवर अवलंबून केली.

विजेची बचत झाली, पेट्रोलची का झाली नाही?

१९७० साली अमेरिकेचे तेल-उत्पादन त्या काळातील सर्वोच्च पातळीला पोचले आणि नंतर उतरू लागले. हबर्ट या भूवैज्ञानिकाने १९५६ सालीच असे घडेल असा इशारा दिला होता. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब तेल-उत्पादक देशांनी अमेरिकेवर तेलबंदी पुकारली आणि संकट उभे राहिले.

त्या वेळी लॉस एंजेलिस नगराने जे केले त्याचा आपण अभ्यास केला पाहिजे. त्या शहराची वीजसंस्था नगराच्या मालकीची आहे, आणि तेव्हा ती मोठ्या प्रमाणावर तेल जाळून वीज निर्माण करीत असे. १९७३ च्या अखेरीस नगराने कायदाच केला. घरगुती आणि औद्योगिक ग्राहकांनी वापर १० टक्क्यांनी आणि व्यापारी आस्थापनांनी २० टक्क्यांनी कमी करावयाचा. मर्यादा ओलांडणाऱ्याच्या बिलावर जबर अधिभार बसावयाचा होता. दुकानांच्या पाट्यांचे दिवे मालवले गेले, कचेऱ्यांतील अनावश्यक दिवे काढण्यात आले, आणि अपेक्षेपेक्षा अधिक बचत झाली. सर्वांत मोठा भार व्यापारी आस्थापनांवर टाकण्यात आला होता, ही गोष्टही नोंदविण्यासारखी आहे.

पुढे १९७४ साली कॅलिफोर्निया राज्याने ऊर्जा आयोग स्थापन केला. इमारती कशा बांधाव्यात, शीतकपाटाने किती वीज खावी, याचे नियम त्याने कारखानदार आणि बांधकाम व्यावसायिक यांच्यावर घातले. या कामात आर्थर रोझेनफेल्ड या भौतिकशास्त्रज्ञाचा वाटा मोठा होता. त्यानंतर कित्येक दशके त्या राज्यातील दरडोई वीजवापर जवळजवळ स्थिर राहिला. उर्वरित अमेरिकेत तो वाढतच गेला होता. गृहिणीने शीतकपाटाचे दार कमी वेळा उघडावे म्हणून तिला उपदेश करण्याची गरज पडली नाही. शीतकपाट बनविणाऱ्यालाच नियम लावला गेला.

आता पेट्रोलकडे या. १९७४ च्या आरंभी संपूर्ण देशात वेगमर्यादा ताशी ५५ मैल करण्यात आली. १९७५ च्या कायद्याने मोटारींच्या सरासरी इंधनक्षमतेचे उद्दिष्ट ठरविले. १९८५ पर्यंत ती गॅलनला २७.५ मैल, म्हणजे लिटरला सुमारे पावणेबारा किलोमीटर व्हावयाची होती. हे उद्दिष्ट चांगले होते आणि त्याचा उपयोगही झाला. परंतु मालवाहू प्रकारच्या हलक्या गाड्यांना सैल नियम लावले गेले. कंपन्यांनी ती फट अचूक हेरली आणि मालवाहू वर्गात मोडतील अशा अजस्र कौटुंबिक गाड्या पुढील दशकांत बाजारात आणल्या.

१९७९ साली इराणमधील क्रांतीनंतर पुन्हा टंचाई झाली. कॅलिफोर्नियाच्या अनेक परगण्यांत मे महिन्यापासून सम-विषम पद्धत लागू झाली. गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा अंक विषम असेल तर विषम तारखेला पेट्रोल मिळेल, अशी ती व्यवस्था होती. तिने रांग आखूड झाली असेल, पण घर आणि कारखाना यांच्यामधील अंतर एका फुटानेही आखूड झाले नाही. जुलै महिन्यात राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी देशाला उद्देशून भाषण केले आणि लोकांच्या उपभोगप्रवृत्तीला दोष दिला. कॉम्रेड्स, ज्या कामगाराचे घर कारखान्यापासून वीस-पंचवीस मैलांवर आहे आणि ज्याच्या वाटेवरून बस जात नाही, त्याने कोणता उपभोग कमी करावयाचा? दिवा मालवता येतो, कारण दिव्याची कळ घरात असते. कामावर जाणे मालवता येत नाही. त्याची कळ नगररचना ठरविणाऱ्याच्या हातात असते.

ज्याच्याजवळ मोटार नव्हती तो

आतापर्यंत आपण मोटारवाल्याविषयी बोललो. परंतु मोटारीसाठी बांधलेल्या शहरात सर्वांत मोठी किंमत मोजतो तो मोटार नसलेला मनुष्य. लाँग बीचला जाणारी ती शेवटची तांबडी गाडी वॉट्स या कृष्णवर्णीय श्रमिकांच्या वस्तीतून जात असे. १९६१ साली ती बंद झाली. १९६५ च्या ऑगस्टमध्ये वॉट्समध्ये उद्रेक झाला. पोलिसी जुलूम, बेकारी, वंशभेद अशी त्याची अनेक कारणे होती. परंतु त्याच्या चौकशीसाठी राज्यपालांनी नेमलेल्या मॅकोन आयोगानेही, जो मुळीच क्रांतिकारक नव्हता, एक गोष्ट मान्य केली. अपुरी आणि महाग सार्वजनिक वाहतूक या लोकांच्या रोजगाराच्या आणि इतर सोयींच्या आड येत आहे, असे त्याने नमूद केले. काम असून तेथे पोचता येत नसेल तर ते काम नसल्यासारखेच आहे.

१९९० साली त्याच लाँग बीचच्या मार्गावर पुन्हा विजेची गाडी सुरू झाली. सांता मोनिकाच्या मार्गावर १९५३ साली बंद झालेली प्रवासी सेवा २०१६ साली पुन्हा अवतरली. उखडलेले परत आणावयास काही दशके आणि अफाट पैसा लागला. पण त्यातही वर्गाचा प्रश्न सुटला नव्हता. १९९४ साली वाहतूक प्राधिकरणाने बसचे भाडे वाढविण्याचा आणि मासिक पास बंद करण्याचा निर्णय घेतला. लोहमार्गांवर पैसा ओतला जात होता आणि गरिबांची बस मात्र खचाखच भरून धावत होती. तेव्हा घरकाम करणाऱ्या स्त्रिया, शिवणकामगार, उपाहारगृहांतील नोकर अशा बस-प्रवाशांनी संघटना बांधली. तिचे नाव बस रायडर्स युनियन. ते न्यायालयात गेले आणि रस्त्यावरही उतरले. १९९६ साली तडजोडनामा झाला. मासिक पास टिकला, आणि बसमधील गर्दी कमी करण्याचे बंधन प्राधिकरणावर दहा वर्षांसाठी आले.

या लढ्यातून आपण एक गोष्ट घ्यावी. लोहमार्ग म्हटले की तो जनतेचाच असेल, असे आपोआप ठरत नाही. तो कोणाच्या वस्तीतून जातो, त्याचे भाडे किती आहे आणि त्याच्यासाठी कोणाची बस कापली गेली, हे विचारावेच लागते.

विहिरीच्या कुंपणाशी

आणि त्या स्थानिक तेलाचे पुढे काय झाले? १९८५ साली कॅलिफोर्नियाचे उत्पादन दिवसाला दहा लाख पिंपांच्या वर होते. आज ते त्याच्या एक-तृतीयांशाहून कमी आहे. त्या राज्यातील तेलशुद्धीकरण कारखान्यांत येणाऱ्या कच्च्या तेलापैकी निम्म्याहून अधिक परदेशातून येते. इराक, सौदी अरेबिया, ब्राझील, इक्वेडोर अशा देशांतून ते आणले जाते. ज्या भूमीने एके काळी जगाला तेल पुरविले, ती आता इक्वेडोरच्या अरण्यातले तेल जाळते.

कोणी म्हणेल की राष्ट्र म्हणून अमेरिकेने तर उत्पादन पुन्हा वाढविले आहे. ते खरे आहे. खडकांच्या थरांतून तेल काढण्याच्या नव्या तंत्रामुळे २०१८ साली अमेरिकेने १९७० ची पातळीही ओलांडली आणि आज ती जगातील सर्वांत मोठी तेल-उत्पादक आहे. परंतु युक्रेनमधील युद्ध सुरू झाल्यावर, २०२२ च्या जूनमध्ये, अमेरिकेतील पेट्रोलचा सरासरी भाव गॅलनला पाच डॉलरच्या वर गेला आणि कॅलिफोर्नियात तो सहा डॉलर ओलांडून गेला. तेल आपल्या भूमीतले असले तरी ते कंपनीच्या मालकीचे असते आणि त्याचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. भूमीपुत्राला त्यात सवलत नाही.

त्याच्या वाट्याला येतो तो विहिरीचा शेजार. लॉस एंजेलिसमध्ये संपन्न भागांतील विहिरी कचेरीच्या इमारतीसारख्या भिंतींआड दडविल्या गेल्या. लाँग बीचसमोर १९६५ मध्ये तेलासाठी चार कृत्रिम बेटे बांधून त्यांवर ताडाची झाडे, धबधबे आणि रंगीत मनोरे उभारले गेले. बंदराशेजारच्या विल्मिंग्टनसारख्या श्रमिक वस्तीत मात्र विहीर आणि घर यांच्यामध्ये अनेकदा केवळ एक कुंपण असते. दक्षिण लॉस एंजेलिसमधील एका विहीर-समूहाच्या शेजारी मुलांच्या नाकातून रक्त येई आणि डोके दुखे. तक्रारी वर्षानुवर्षे साचल्या. २०१३ साली पाहणीस आलेल्या संघराज्य अधिकाऱ्यांनाच त्रास झाला, तेव्हा कोठे त्या विहिरी बंद पडल्या.

२०२२ साली राज्याने कायदा केला, की घरे, शाळा, रुग्णालये यांच्यापासून ३,२०० फुटांच्या, म्हणजे सुमारे एक किलोमीटरच्या आत नवी तेलविहीर नको. तेल कंपन्यांनी सार्वमताची मागणी करून तो रोखून धरला, आणि २०२४ मध्ये ती मागणी मागे घेतल्यावर तो अमलात आला. नगराने २०२२ च्या डिसेंबरात नव्या विहिरींना बंदी घातली आणि जुन्या वीस वर्षांत बंद करण्याचे ठरविले. २०२४ साली न्यायालयाने तो ठराव रद्द केला. त्याच वर्षी राज्याने स्थानिक संस्थांना असे निर्बंध घालण्याचा अधिकार देणारा कायदा केला. लढा असा पावलापावलाने चालतो.

याच संदर्भात कामगारांचा प्रश्न आपण विसरता कामा नये. २०२४ च्या ऑक्टोबरात फिलिप्स ६६ या कंपनीने लॉस एंजेलिस भागातील आपला तेलशुद्धीकरण कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. तेथे सुमारे सहाशे कामगार आणि शिवाय कंत्राटी कामगार होते. उघडणे कंपनीच्या हाती आणि मिटणेही कंपनीच्या हाती, अशी स्थिती असेल तर विहिरीशेजारची आई आणि कारखान्यातील कामगार यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे मालकांना सोपे जाते. तेल सोडावयाचे तर त्या कामगाराच्या उद्याची तरतूद आधी ठरली पाहिजे, ही मागणी त्या दोघांनी मिळून करावयाची आहे.

आपल्यापुरते

आता शेवटचा मुद्दा. दूरदेशच्या या कथेशी आपला संबंध काय? लॉस एंजेलिसची शेवटची ट्राम थांबली ती तारीख होती ३१ मार्च १९६३. बरोबर एक वर्षाने, ३१ मार्च १९६४ च्या रात्री, मुंबईची शेवटची ट्राम धावली. मुंबईची ट्राम तर महापालिकेच्या मालकीची होती. तेथे बाहेरून आलेला कोणी कटवाला नव्हता. ट्राम जुनी, मोटार आधुनिक, हा विचार आपल्याही डोक्यात शिरला होता. मालकी सार्वजनिक झाली म्हणजे दृष्टी सार्वजनिक होतेच असे नाही. ती घडवावी लागते.

१९७४ साली मुंबई हाय येथे तेल सापडले आणि १९७६ पासून निघू लागले. सार्वजनिक क्षेत्राच्या कामगारांचे आणि तंत्रज्ञांचे ते अभिमानास्पद कर्तृत्व होते. त्या बळावर १९८० च्या दशकाच्या मध्यास देशाच्या गरजेचा मोठा भाग घरच्या तेलातून भागू लागला. आज आपण ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. विहिरी जुन्या झाल्या हे खरे, परंतु मधल्या काळात आपण शहरे कशी बांधली? दिल्लीत २००८ साली बससाठी राखून ठेवलेला रस्ता मोटारवाल्यांच्या तक्रारींनंतर २०१६ साली उखडण्यात आला. मुंबईत २०२४ साली खुल्या झालेल्या सागरी किनारा मार्गावर स्कूटरला आणि रिक्षाला मज्जाव आहे, आणि बेस्टच्या स्वतःच्या बसगाड्यांचा ताफा मात्र वर्षागणिक आटत गेला आहे. ज्या शहरात लाखो माणसे रोज लोकलने कामावर जातात, त्या शहराने लॉस एंजेलिसचा टाकून दिलेला आराखडा उचलावा, याला काय म्हणावे?

आपल्यापाशी दुसरा वारसाही आहे. १९५३ साली कलकत्त्याच्या ब्रिटिश ट्राम कंपनीने दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढविले. त्या एका पैशासाठी सारे शहर उठले, अटका झाल्या, गोळीबार झाला, आणि ती वाढ मागे घ्यावी लागली. ट्रामचे भाडे हा मजुरीचाच भाग आहे, हे त्या लोकांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

आपण इंदूरला असाल, बडोद्याला असाल, हैदराबादला वा पुण्याला असाल. आपल्या शहराच्या कडेला जी नवी वसाहत उठत आहे तिच्यापाशी जाऊन चार प्रश्न विचारा. येथून कारखाना किती दूर आहे? शाळा आणि दवाखाना पायी गाठता येतो का? पहिली बस किती वाजता येते आणि शेवटची किती वाजता जाते? मोलकरीण आणि रखवालदार येथे कसे पोचतात? या प्रश्नांची उत्तरे आज नगरपालिकेच्या सभागृहात, युनियनच्या सभेत आणि वस्तीच्या बैठकीत मागितली नाहीत, तर वीस वर्षांनी तेथील माणसांना काटकसरीचा उपदेश केला जाईल. तेव्हा त्यांच्याजवळ वाचविण्यासारखे काहीच उरलेले नसेल.

भाषांतर करताना जो शब्दप्रयोग मला अडला होता, तो मी अखेर बदलला. ‘मोटारीवर अवलंबून केलेल्या वस्त्या’ असे मी लिहिले. जे केले गेले ते बदलताही येते. त्यासाठी आधी ‘हे कोणी केले’ असे विचारण्याची सवय आपणांस लावून घ्यावी लागेल.